तिसऱ्या ओळीतली रिकामी

ॲल्डर फॉल्सच्या ड्रम-बिगुल पथकाबद्दल आपल्याला कोणी कधी काही विचारील ही आशा लॅडी ह्रुस्कानं केव्हाच सोडून दिली होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यानं फारशी धरलीही नव्हती. पथक चाललं सहा उन्हाळे. बेचाळीस मुलं-मुली, करडे डगले, आणि बिगुल असे की त्यांतल्या निम्म्यांवर दुसऱ्याच गावच्या मोडलेल्या पथकाचं नाव कोरलेलं. नाव होतं ‘ग्रे हेरन्स’, करडे बगळे. शेजारच्या गावची पोरं त्यांना बदकं म्हणायची. मोठ्या शहरांतल्या ज्या पथकांच्या तबकड्या निघाल्या आणि ज्यांतली म्हातारी माणसं अजूनही जुनी जाकिटं चढवून मिरवतात, त्यांच्या खिसगणतीतही हे बगळे कधी नव्हते. त्यांची सगळ्यात मोठी मजल म्हणजे अकरा पथकांत नववा नंबर, आणि तोही आठव्यापेक्षा फक्त एक दशांश गुणानं खाली.

म्हणून मे महिन्यात मिलवॉकीहून कोणा निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं, तेव्हा लॅडीनं ते दोनदा वाचलं आणि मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई एक पुस्तक करत होत्या. कोणालाच माहीत नसलेल्या, दोन-चार वर्षं वाजून विरून गेलेल्या छोट्या पथकांचं. प्रत्येक पथकाला एक पान. पानावर एक फोटो, चार ओळी माहिती, आणि वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं. सगळ्यांची, असं त्यांनी अधोरेखित केलं होतं.

“म्हणजे आता महिनाभर जेवणाचं टेबल मला मिळायचं नाही,” अर्लीन म्हणाली.

ते खरंच झालं. लॅडीनं चौकटींचा कागद आणला, त्यावर मैदान आखलं, आणि ज्याची-त्याची जागा ठरवून एकेक नाव भरायला सुरुवात केली. चौतीस वर्षं गावात टपाल वाटलेला माणूस तो. नावं हा त्याचा धंदाच होता. पहिल्या ओळीत झेंडेवाल्या मुली, दुसरीत मोठे बिगुल, तिसरीत लहान, मागं ड्रम. सकाळी कॉफी घेताना दोन नावं आठवायची, दुपारी गवत कापताना तिसरं, आणि तो यंत्र तसंच घरघरत सोडून आत यायचा. चौदाव्या दिवशी बेचाळीसच्या बेचाळीस जागा भरल्या. तिसऱ्या ओळीचा तो स्वतः म्होरक्या, म्हणजे अगदी उजव्या टोकाला. त्याच्या डाव्या हाताला वेंडेल कुबाल. वेंडेलच्या डाव्या हाताला मार्सेला बोडुइन. आणि पुढचे बाकीचे.

कागद घेऊन तो ऑर्विलकडे गेला. ऑर्विल लॅक्रुआ तेव्हा ड्रम वाजवायचा आणि आता खिळे-कुलपांचं दुकान चालवतो; जूनच्या शेवटच्या रविवारी जुन्या सगळ्यांना लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या, मैदानावर जमवून पुस्तकासाठी फोटो काढायची कल्पना त्याचीच. गल्ल्यावर कागद पसरून त्यानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि पेन्सिलीचं टोक एकेका नावावरून पुढं नेऊ लागला. हा गेला, ही गेली, हा ॲरिझोनात, ह्याचं नाव असं नाही रे लिहीत. तिसऱ्या ओळीत पेन्सिल थांबली.

“हा कोण?”

“वेंडेल. वेंडेल कुबाल.”

“कोण वेंडेल?”

“अरे, काउंटीच्या अनाथगृहातला. मोठ्या कानांचा. माझ्या शेजारी असायचा.”

“तुझ्या शेजारी रिकामी होती,” ऑर्विल म्हणाला, आणि इतक्या सहज म्हणाला, की त्यात चेष्टा शोधायलाही काही जागा राहिली नाही.

रिकामी हा पथकातला शब्द. पथक बसवायचे ते मिस्टर टाउश, कागद गिरणीतले मुकादम आणि लष्करात बिगुल वाजवलेले. ओळीतला कोणी आजारी पडला, कोणाला बापानं शेतावर अडकवलं, तर त्याची जागा भरायची नाही, असा त्यांचा दंडक होता. दोन्हीकडच्यांनी मधे एका माणसाइतकं अंतर धरून चालायचं, वळायचं, थांबायचं. तो माणूस तिथं असल्यासारखं. कायमचा गेला असेल तर ओळ मिटवून घ्यायची. येणार असेल तर रिकामी राखायची. बघणाऱ्याला वाटेल त्याहून हे फार अवघड असतं. माणसाच्या खांद्याला खांदा लावून सरळ चालणं कोणालाही जमतं, पण हवेच्या खांद्याला खांदा लावून चालायला वर्ष जातं.

ऑर्विलच्या म्हणण्याप्रमाणे ती जागा कोस्टिचकांच्या पोरीची. तिला पोलिओ झाला, बरी होऊन येईल म्हणून टाउशनी शेवटपर्यंत ती राखली. “आपण हसायचो की तुला. ह्रुस्काची बायको, म्हणायचो त्या रिकामीला.” लॅडी हसला, वयाबद्दल काहीतरी बोलला, आणि बिजागऱ्यांचा एक जोड विकत घेऊन घरी आला. त्याला बिजागऱ्या नको होत्या.

वेंडेल त्याला असा आठवत होता की हात पुढं केला तर खांद्याला लागावा. शनिवारी सरावाला तो अनाथगृहातून चार मैल चालत यायचा आणि बिगुल पाठीला दोरीनं बांधलेला असायचा. त्याला घर नव्हतं, नात्यागोत्याचं कोणी नव्हतं, शाळेतही तो मागच्या बाकावर असायचा; तो कुठं असेल तर तो ह्या ओळीत, उजवीकडून दुसरा. लॅडीनं त्याचं नाव लिहिलं नाही, तर दुसरं कोण लिहिणार होतं? आणि लॅडीवर त्याचं एक देणं होतं, जे त्यानं अर्लीनलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्या काळी परीक्षक मैदानात उतरायचे. हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन ओळींच्या अगदी जवळून चालायचे, आणि कोणाचं पाऊल चुकलं, बिगुल खाली आला, सूर घसरला, की एक खूण. एका खुणेला एक दशांश गुण वजा. सन चौसष्टच्या सप्टेंबरातल्या स्पर्धेत, त्यांचा आठवा नंबर मिल रॅपिड्सच्या पथकाकडे गेला तो असा एका खुणेनं. बसमध्ये चढण्याआधी टाउश सर्वांसमोर एवढंच म्हणाले, “तिसरी ओळ, उजवीकडे, पहिलं पाऊल घाईत.” उजवीकडे म्हणजे दोघेच. बाकीच्या चाळीस जणांच्या नजरा त्या दोघांकडे वळल्या. लॅडीनं वेंडेलकडे पाहिलं. बोलला काहीच नाही, नुसतं पाहिलं, आणि पाहणाऱ्यांना तेवढं पुरलं.

पोरांची स्वतःची एक शिक्षा होती, टाउशना न सांगता चालणारी. ज्याच्या खुणेनं नंबर जाईल, त्याला रिकामी द्यायची. ती ओळीतल्या कोणीही द्यावी, पाळावी सगळ्यांनी. मग पुढच्या सरावापर्यंत तो माणूस नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानं पुढं केलेली वस्तू घ्यायची नाही, ओळ सरळ करताना त्याच्या आरपार पलीकडच्याकडे पाहायचं. पुढच्या शनिवारी ओळ लागली, की ज्यानं दिली त्यानंच मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचं. तो ‘हजर’ म्हणाला की संपलं, वर त्याला सोड्याची बाटली. लॅडीलाही कधीतरी मिळाली होती. आठवडाभराचा खेळ, पोरं तो जीव तोडून खेळायची.

“वेंडेलला रिकामी,” लॅडी बसमध्ये म्हणाला.

परतीच्या तीन तासांत कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. गावात उतरल्यावर बेकरीच्या दारापाशी वेंडेलनं त्याला गाठलं. “लॅडी, शनिवारी घेशील ना माझं नाव?” त्यानं हळूच विचारलं. लॅडीनं नियमाप्रमाणे त्याच्या आरपार बेकरीच्या पाटीकडे पाहिलं, आणि पाटी वाचता आली ह्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला. शुक्रवारी मिस्टर टाउश गिरणीत काम करता करता कोसळले आणि गेले. शनिवारी सराव झाला नाही, त्यानंतर कधीच झाला नाही. दफनाच्या वेळी वेंडेल कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभा होता, आणि लॅडीला वाटलं होतं, जावं, घ्यावं नाव. पण नाव ओळीत घ्यायचं असतं, आणि ओळ कुठं होती? हिवाळा संपेतो वेंडेलला उत्तरेकडे कुठल्याशा शेतावर पाठवून दिल्याचं कानावर आलं. पुढं चौतीस वर्षं सकाळी टपाल लावताना ‘क’च्या खणात लॅडीची बोटं एक क्षण जास्त रेंगाळायची. कुबाल नावाचं एक पाकीटही कधी आलं नाही.

मार्सेलाला त्यानं फोन केला. ती आता ग्रीन बेकडे मुलीपाशी असते, आणि जीभ तिची तेव्हा होती तितकीच तिखट आहे. वेंडेलचा विषय त्यानं आडवळणानं काढला. आपल्या दोघांच्या मधे कोण असायचं, आठवतंय का?

“कोणी नाही. रिकामी होती ती. टाउशचा भाऊ कोरियात बेपत्ता झाला होता ना, त्याची. आम्हा मुलींना काय रडू यायचं त्या जागेकडे बघून.” मग तिला काहीतरी आठवलं. आईच्या ट्रंकेत तिला चौसष्टच्या परीक्षकाचा कागद सापडला होता, टाउशच्या बायकोनं कधीतरी दिलेला. थांब, आणते, असं म्हणून ती गेली आणि लॅडी रिसीव्हर कानाला लावून तिच्या घरातलं घड्याळ ऐकत बसला. ती आली ती हसतच.

“ऐक. ‘तिसरी ओळ. उजव्या टोकाचा म्होरक्या, पहिलं पाऊल घाईत. एक दशांश. त्याच्या डावीकडची रिकामी जागा उत्तम राखली आहे.’ उजवं टोक म्हणजे कोण रे? तूच की! म्हणजे आठवा नंबर तू घालवलास, शहाण्या, आणि पन्नास वर्षं तोंड मिटून बसलास.”

ते पाऊल कोणाचं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बुटाखालचं गवत, घोट्यात बसलेला झटका, आणि अर्ध्या श्वासानंतर शेजारी बरोबर ठोक्यावर पडलेलं वेंडेलचं पाऊल, हे सगळं त्याला त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. फक्त सगळ्यांच्या नजरा आल्या तेव्हा त्यानं मान डावीकडे वळवली होती.

“थांब,” मार्सेला फोनवर हसत म्हणाली, “आता मीच देते तुला. लॅडीला रिकामी.”

आणि फोन ठेवून दिला. निरोप वगैरे काही न घेता, जसा फोनवर पलीकडे कोणी नसल्यावर ठेवतात.

त्या आठवड्यात लॅडीनं सगळं शोधलं. शाळेच्या वार्षिकात, इंग्रजी अक्षरक्रमानं लावलेल्या आडनावांत, कोझलिकनंतर एकदम कुड्रना होता, मधे कुबाल नव्हता. अनाथगृह कधीचंच पाडलं होतं, आणि काउंटीच्या कचेरीतली मुलगी म्हणाली की त्या वर्षांची पुस्तकं तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली. ती हे बोलली खरी, पण त्याआधी त्याच्या मागं उभ्या असलेल्या दोघांना बोलावून, त्यांची कामं उरकून, मग जणू आत्ताच आला असावा तसं त्याच्याकडे बघून. ऑर्विलच्या दुकानातही त्याला गल्ल्यासमोर बराच वेळ उभं राहावं लागलं. शेवटी त्यानं घंटी वाजवली तेव्हा ऑर्विल दचकला. “केव्हा आलास?” म्हणाला. टाइप केलेली यादी त्यानं पुढं केली. लॅडीनं मोजली. चाळीस नावं होती.

“वेंडेल धरून बेचाळीस,” लॅडी म्हणाला. “तू त्याला धरत नाहीस, म्हणजे एक्केचाळीस. मी कुठंय?”

ऑर्विलनं यादी उलटसुलट केली, कपाळाला हात लावला, टाइप करताना राहिलं असेल म्हणाला, आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं. लिहिण्याआधी तो किंचित थांबला. आडनावाशी अडला असावा, अशी लॅडीनं स्वतःची समजूत घातली. पण पन्नास वर्षं एकत्र मासे खाणारा माणूस आडनावाशी अडत नाही, हे कळायला काही फार हुशारी लागत नाही.

त्या संध्याकाळी त्यानं अर्लीनला सांगितलं. बसमधली शिक्षा, बेकरीची पाटी, शनिवार, सगळं. ते पाऊल कोणाचं होतं एवढं मात्र सांगितलं नाही. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं, आणि तिनं इतक्या मायेनं त्याच्या हातावर हात ठेवला की ते परत आत गेलं. मार्सेलाच्या फोनचंही तो बोलला नाही, कारण बोलून काय सांगणार? की सत्तरीच्या बाईनं चेष्टा केली आणि मला भीती वाटते?

अर्लीन व्यवहारी बाई. ती म्हणाली, “मग घे की त्याचं नाव. रविवारी ओळ लागणारच आहे तुमची. म्हातारे हसले तर हसले.”

एवढं सोपं होतं ते, आणि पन्नास वर्षांत त्याला सुचलं नव्हतं. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

रविवारी लीजनच्या मैदानावर ऊन लख्ख होतं आणि झेंड्याच्या खांबावर दोरी टकटक वाजत होती. जाळीवर सॉसेज भाजत होते, कोणी खसखस भरलेल्या गोड पावांचं, कोलाचेंचं, ताट आणलं होतं, अर्लीननं तिची बटाट्याची कोशिंबीर आणली होती ज्यात ती नेहमी अंडी जास्त घालते. आले तेरा जण. लॅडी प्रत्येकाजवळ गेला. काही जणांनी हात पुढं केला पण तो दुसऱ्याच कोणाच्या हातात पडला, काही जण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत कोणाला तरी हाक मारत राहिले. गर्दीत, इतक्या वर्षांनी भेटल्यावर, असं होतंच, असं तो मनाशी म्हणत होता. मार्सेला दोन पावलांवर उभी राहून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल रंगून बोलत होती. तिला त्यानं दोनदा हाक मारली. नंतर तिसऱ्यांदा मारायचा धीर त्याला झाला नाही.

“चला, ओळ!” ऑर्विल म्हणाला. त्याच्या दुखऱ्या कमरेमुळं तो समोर उभा राहणार होता, यादी वाचायला. फोटो त्याचा जावई काढणार होता. गेलेल्यांच्या जागा मिटवून एकच ओळ करायची ठरली. पण माणसं उभी राहू लागली तशी, कोणी न सांगता, एक जागा आपोआप मोकळी राहिली. त्यांना वेंडेल आठवत नव्हता, पण त्यांच्या पायांना आठवत होता. लॅडी उजव्या टोकाला आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताला रिकामी, आणि तिच्यापलीकडे मार्सेला.

“उजवीकडे नजर,” ऑर्विलनं हुकूम दिला.

पांढरी डोकी एकदम वळली, आणि काय सांगावं, सुरेख वळली. म्होरक्यानं मात्र समोर बघायचं असतं. समोर बघत, पोटातून आवाज काढत, लॅडी ह्रुस्कानं नाव घेतलं.

“वेंडेल कुबाल.”

कोणी हललं नाही. ओळीत हलायचं नसतंच, तो थांबला. डाव्या बाजूला नुसतं ऊन होतं. त्यानं आणखी एकदा नाव घेतलं, आणि मग जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. “पाऊल माझं होतं. तुझं नव्हतं, वेंडेल. माझं होतं.” एवढं बोलल्यावर त्याला रडू फुटलं आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. खांबावरची दोरी वाजत होती. ऑर्विलनं खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि यादीवर पेन्सिल टेकवून ओळीच्या उजव्या टोकाकडे पाहिलं.

“रिकामी,” तो म्हणाला. पेन्सिल खाली सरकली. “रिकामी. मार्सेला बोडुइन.”

“हजर.”

“ऑर्विल,” लॅडी म्हणाला. “अरे, मी उभा आहे.”

ऑर्विल पुढचं नाव वाचत होता. मग लॅडीनं जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. तो ओळ मोडून बाहेर आला आणि मार्सेलाच्या समोर, तिच्या श्वासाइतक्या अंतरावर उभा राहिला. तिची मान उजवीकडे वळलेली होती. त्या नजरेनं वेंडेलच्या जागेवरून निघून लॅडीच्या खांद्यावर येऊन थांबायला हवं होतं. ती दोन्ही जागा ओलांडून पलीकडे झेंड्याच्या खांबावर जाऊन स्थिर झाली होती, आणि ओळ त्या खांबाशी अगदी सरळ होती. “मार्सेला, माझं नाव घे,” तो म्हणाला. “तू दिलीस, तुलाच घ्यावं लागतं. एकदाच घे.” मार्सेलाचे ओठ हलले. ती फोटोसाठी हसत होती.

“ह्या दोन जागा आपण सोडायचो कशासाठी?” ओळीतून कोणीतरी विचारलं.

“टाउशनी ठेवलेल्या,” ऑर्विल म्हणाला. “कोणीतरी यायचे होते.”

लॅडी परत आपल्या जागी गेला. दुसरीकडे कुठं जावं हे त्याला सुचेना, आणि निदान तिथं तरी त्याच्यासाठी जागा राखलेली होती. जावयानं तीन फोटो काढले. तिकडे सावलीत अर्लीन दोन ताटल्या घेऊन उभी होती, एकीत सॉसेज आणि दोन कोलाचे, त्याला आवडतात तसे खसखशीचे. कपाळावर मनगट धरून ती ओळ डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे न्याहाळत होती. तिची नजर त्याच्यावरून गेली. त्यानं हात वर केला. ती नजर पुन्हा त्याच्यावरून गेली.

“येईल इतक्यात,” ती शेजारच्या बाईला म्हणाली. “असेल इथंच कुठंतरी.”